बसरा, बगदाद आणि विनयनगर

इंडिया गेटच्या माथ्यावर काय कोरलंय, हे दिल्लीकराला विचारू नये. कुल्फी कुठल्या बाजूला चांगली मिळते ते तो सांगेल, गाडी कुठे लावली की चलान होतं तेही सांगेल. मान वर करून वाचलेलं मात्र कुणी नसतं. आम्हां भावंडांना आत्यानं ते वाचायला लावलं होतं. ती पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत शिकवायची आणि तिच्यातल्या बाई रविवारीसुद्धा रजेवर जात नसत. ठळक ‘इंडिया’च्या खाली इंग्रजी मोठ्या अक्षरांत मजकूर आहे. हिंदुस्थानी फौजांचे जे लोक फ्रान्स, फ्लांडर्स, मेसोपोटेमिया, पर्शिया, पूर्व आफ्रिका, गॅलिपोली इथे पडले त्यांच्या स्मरणार्थ, असा त्याचा मतलब. ‘मेसोपोटेमिया’कडे बोट करून आत्या म्हणायची, “हा आपला बसरा. इथे नाना होते.”

नाना म्हणजे आमच्या आजीचे वडील. मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांची गोष्ट आजीकडून आत्याकडे आणि आत्याकडून आमच्याकडे आली. वाटेत तिच्यात किती तिखटमीठ पडलं असेल ते देव जाणे. पुढे पुस्तकांशी ताडून पाहायची खोड मला लागली, आणि बरंचसं खरं निघालं.

नाना साताऱ्याकडचे, कोरेगावच्या बाजूचे. ११७ व्या मराठा पलटणीत शिपाई. ही पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. १९१४ च्या नोव्हेंबरात या डिव्हिजनची पहिली ब्रिगेड इराणच्या आखाताच्या टोकाला, फावला, उतरली. कशासाठी? आजीकडे याचं उत्तर एका वाक्यात तयार होतं. “साहेबाचा तेलाचा नळ होता, तो राखायला गेले.” लहानपणी आम्हांला हे हास्यास्पद वाटे. नळ राखायला कोण पलटण धाडतं?

पण नळ होता. १९०८ साली इराणमध्ये मस्जिद-ए-सुलेमानला तेल लागलं. तिथून डोंगर उतरून आबादानच्या बेटापर्यंत नळ टाकला, बेटावर शुद्धीकरण कारखाना उभा राहिला. ब्रिटिश आरमाराच्या बोटी तेव्हा कोळसा सोडून तेलावर जायला लागल्या होत्या, आणि इंग्लंडात तर तेलाचा टिपूस नव्हता. म्हणून १९१४ च्या उन्हाळ्यात, महायुद्ध पेटायच्या ऐन आधी, चर्चिल यांनी पार्लमेंटकडून मंजुरी घेतली आणि अँग्लो-पर्शियन कंपनीचा निम्म्याहून अधिक हिस्सा सरकारनंच विकत घेतला. बेटाच्या कडेनं वाहणाऱ्या नदीच्या पलीकडच्या काठावर तुर्कांचं राज्य. तुर्कांच्या पाठीशी जर्मनी, आणि जर्मनीचा आगगाडीचा रस्ता बर्लिनहून बगदादच्या दिशेनं सरकत होता. इकडे इंग्रज आणि रशियन यांनी १९०७ सालीच करार करून इराणचे दोन प्रभावपट्टे आखून घेतले होते. उत्तर तुमची, आग्नेय आमची, मधला भाग मोकळा. इराणच्या शहाला कुणी विचारलं नव्हतं. इतिहासकार मोहिमेची आणखीही कारणं देतात. अरब शेखांना धीर द्यायचा होता, हिंदुस्थानातल्या राज्याचा दरारा टिकवायचा होता. तीही खरी असतील. पण १९१५ च्या फेब्रुवारीत टोळीवाल्यांनी अहवाजजवळ तो नळ तोडला, तेव्हा फौजेचा एक भाग खरोखरच तिकडे वळवावा लागला. आजीचं वाक्य काही अगदीच चुकीचं नव्हतं.

मग कूत. ही गोष्ट आजी जेवताना कधी सांगायची नाही. बगदाद घ्यायला निघालेली फौज टेसिफोनला अडली, मागे हटली आणि डिसेंबर १९१५ मध्ये तैग्रिसच्या एका वळणावर, कूत-अल-अमारा गावात, तुर्कांच्या वेढ्यात सापडली. १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. धान्य संपत आलं. घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोरे सोल्जर ते मांस खात. आपले लोक खाईनात. हिंदुस्थानातून धर्ममार्तंडांची परवानगी मागवली गेली, ती आली, तरी पुष्कळांनी एप्रिलपर्यंत तोंड लावलं नाही. गावी परतल्यावर जात पुसली जाईल, लेकीबाळींची लग्नं अडतील, ही धास्ती. नाना म्हणत, असं आजी सांगायची, की तुर्काच्या गोळीपेक्षा भावकीचं भय मोठं होतं.

आणि जात्याची गोष्ट. विमानातून जात्याच्या तळ्या पडल्या, असं आजी सांगे, आणि आम्ही हटकून हसायचो. ती चिडायची. पुढे वाचनात आलं की हे अगदी खरं. गावात सातूसारखं धान्य सापडलं होतं, पण ते दळायचं कशावर? तेव्हा बाहेरच्या इंग्रज फौजेनं विमानातून जात्याचे दगड टाकले. एप्रिलमध्ये पिठाची पोतीही टाकली, त्यांतली काही नदीत गेली, काही तुर्कांच्या बाजूला. वेढ्यातल्या फौजेला आकाशातून रसद पोचवायचा जगातला हा पहिलावहिला प्रयत्न मानतात. २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंड शरण गेले. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. साहेबांना तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला दिला, नोकरचाकर दिले. शिपायांना वाळवंटातून पायी हाकललं. जे जगले त्यांतल्या अनेकांना रास-अल-ऐनच्या बाजूला त्याच जर्मन रेल्वेच्या कामाला जुंपलं. म्हणजे साहेबाचा नळ राखायला गेलेले गडी अखेर कैसरचे रूळ टाकत होते. एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे माणसं गेली, मजुरी तीच.

नाना परत आले. त्यांचा चुलतभाऊ वाटेत राहिला. आत्यानं इंडिया गेटच्या भिंतीवर त्याचं नाव पुष्कळ शोधलं. ते सापडणारच नव्हतं. गेटवर तेरा हजारांच्या वर नावं आहेत, पण ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. मेसोपोटेमियाच्या मृतांचा उल्लेख फक्त त्या वरच्या ओळीत आहे. त्यांचं स्मारक बसऱ्याला. १९२९ साली उघडलेल्या त्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे. गोऱ्या शिपायांची नावं दगडात आहेत. हिंदुस्थानी फौजेत अधिकाऱ्यांची नावं, आणि साध्या शिपायांचा पलटणवार आकडा. त्यांची नावं वहीत. १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या हुकमानं ते अख्खं स्मारक बसऱ्याच्या गोदीजवळून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर नेऊन उभं केलं. आमचा चुलत पणजोबा त्यातला एक आकडा आहे.

आजोबा दिल्लीत आले १९४१ साली, लष्करी कचेरीत कारकून म्हणून. लढाईमुळे भरती चालू होती, सेक्रेटरिएटच्या आसपास बराकी उठत होत्या आणि पुण्यासाताऱ्याकडची मॅट्रिक झालेली पोरं टायपिंगच्या परीक्षा देऊन इकडे येत होती. त्याच वर्षी एप्रिलात हिंदुस्थानी फौज पुन्हा बसऱ्याला उतरली, कारण बगदादेत रशीद अलींचं जर्मनीकडे झुकलेलं सरकार आलं होतं. ऑगस्टमध्ये खालून इंग्रज आणि वरून रशियन असे दोघे एकदम इराणात घुसले. आबादानचा कारखाना हिंदुस्थानी शिपायांनी ताब्यात घेतला. नाना तेव्हा गावी शेती बघत होते. जावयाचं पत्र वाचून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं म्हणे, “परत तोच नळ?”

स्वातंत्र्यानंतर आजोबा परराष्ट्र खात्यात वर्ग झाले. घर विनयनगरला मिळालं. आज त्याला सरोजिनीनगर म्हणतात आणि तिथली ती बैठी क्वार्टर्स पाडून आता टॉवर उभे राहिलेत. आजोबांची कचेरीतली गोष्ट घरी येत नसे. गुप्ततेची शपथ वगैरे ते फार गंभीरपणे घेत. पण थंडीत अंगणात खाट टाकून मटार सोलायला बसले की थोडे सैलावत. बगदाद करार मला त्या मटारांबरोबरच कळला.

फेब्रुवारी १९५५ मध्ये तुर्कस्तान आणि इराक यांनी बगदादला करार केला. एप्रिलात ब्रिटन त्यात शिरलं, सप्टेंबरात पाकिस्तान, पाठोपाठ इराण. सोव्हिएत रशिया आणि आखाताचं तेल यांच्यामध्ये देशांची एक भिंत घालायची, हा बेत. कल्पना अमेरिकेच्या डलेससाहेबांची, पण अमेरिका स्वतः सभासद झाली नाही. नुसती समित्यांमधून बसली. आजोबांना या गोष्टीची भारी गंमत वाटे. लग्न ठरवणारा मंडपात नाही, पण याद्या त्यानंच केलेल्या.

दिल्लीला त्यात गंमत वाटायचं कारण नव्हतं. पूर्वेला सिएटोचा करार, पश्चिमेला बगदादचा, आणि दोन्हीकडे पाकिस्तान. कम्युनिस्टांविरुद्ध म्हणून आलेली बंदूक कुणावर रोखली जाणार हे कळायला परराष्ट्र खात्यात असावं लागत नव्हतं. पंडित नेहरूंनी १९५६ मध्ये लोकसभेत या करारांवर कडक टीका केली. आपल्याला वेढलं जातंय, हा त्यांचा रोख होता. त्याआधीच, १९५५ च्या हिवाळ्यात, ख्रुश्चेव आणि बुल्गानिन दिल्लीत येऊन गेले होते. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे. शाळेतून त्यांना रामलीला मैदानाच्या रस्त्यावर उभं केलं, हातात कागदी झेंडा. त्याच दौऱ्यात ख्रुश्चेव श्रीनगरला गेले आणि काश्मीर भारताचंच, असं उघड बोलले. बगदाद कराराचं ते उत्तर होतं. चार वर्षांनी, डिसेंबर १९५९ मध्ये, आयझेनहॉवर आले, आणि बाबा पुन्हा रस्त्याच्या कडेला झेंडा घेऊन उभे. गर्दी कुणाच्या वेळी जास्त होती, यावर बाबा आणि काका आजही भांडतात. काका आयझेनहॉवरच्या बाजूचे आहेत, पण त्या वेळी ते पाच वर्षांचे होते, तेव्हा साक्ष ग्राह्य धरायची की नाही ते तुम्हीच ठरवा.

तोवर बगदादेतच उलथापालथ झाली होती. १४ जुलै १९५८ ला लष्करानं राजवाडा घेतला, तरुण राजा फैसल मारला गेला, कराराचे शिल्पकार नुरी-अल-सईद मारले गेले. पुढच्या मार्चात इराक करारातून बाहेर. बगदाद करारात बगदादच उरलं नाही, म्हणून ऑगस्ट १९५९ मध्ये त्याचं नाव सेंटो केलं; कचेरी त्याआधीच अंकाराला हलली होती. आजोबांच्या खात्यात त्या आठवड्यात जुन्या फायलींवर नव्या चिठ्ठ्या डकवायचं काम निघालं होतं. मांजरपाटाच्या कापडातली फायलींची गठुडी, त्यांना लाल फीत, आणि डिंकाचा वास. आजोबांनी मला सांगितलेला शीतयुद्धाचा सगळ्यांत बारकाईचा तपशील हाच.

या आखाताशी दिल्लीचं आणखी एक नातं होतं, ते आता फार थोड्यांना आठवतं. कुवेत, बहारीन, कतार, दुबई इथे चलन आपलंच होतं, रुपया. सोन्याच्या चोरट्या व्यापारातून आपल्या नोटा परत येऊन परकीय चलन उपसू लागल्या, तेव्हा १९५९ साली रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या रंगांच्या नोटा काढल्या. कुवेतनं १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला, बहारीननं १९६५ मध्ये. ६ जून १९६६ ला आपण रुपयाचं अवमूल्यन केलं आणि उरलेल्यांनीही रुपया सोडला. ज्या वाळूखालच्या तेलासाठी जग करार करत होतं, तिथल्या बाजारात आपल्या नोटा चालत होत्या, आणि आपण त्या हातच्या घालवल्या. याबद्दल आजोबांना कुठल्याही कराराहून जास्त चुटपुट होती.

सेंटोची परीक्षा १९६५ मध्ये झाली. संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. रशियन रणगाड्यांना थोपवायला म्हणून पाकिस्तानला दिलेले अमेरिकेचे पॅटन खेमकरणच्या बाजूला, असल उत्तरच्या पाण्यानं भरलेल्या उसाच्या रानांत रुतले. सेंटो आणि सिएटो, दोन्हीकडे नाव नोंदवलेल्या पाकिस्तानच्या मदतीला करार म्हणून एकही पलटण आली नाही. इराण-तुर्कस्ताननं आपापली थोडीफार मदत केली तेवढीच. अमेरिकेनं दोघांचीही शस्त्रं बंद केली. तह झाला तो ताश्कंदला, सोव्हिएत मध्यस्थीनं. ११ जानेवारी १९६६ च्या पहाटे शास्त्रीजी तिथेच गेले, तेव्हा यशवंतराव त्यांच्याबरोबरच्या मंडळींत होते. त्या दिवशी विनयनगरात कुणाच्या घरी चूल पेटली नाही, असं आजी सांगायची. हे तिखटमीठ असेल. पण ते मी तसंच ठेवते.

आपणही काही सोवळ्यातच राहिलो असं नाही. ९ ऑगस्ट १९७१ ला याच दिल्लीत स्वर्णसिंग आणि ग्रोमिको यांनी वीस वर्षांच्या मैत्री करारावर सह्या केल्या, आणि चार महिन्यांत अमेरिकेचं विमानवाहू जहाज ‘एंटरप्राइज’ बंगालच्या उपसागराकडे निघालं. आजोबा तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. “आपली सही गरजेपुरती,” एवढंच ते म्हणाले. सेंटो पुढे १९७९ पर्यंत कागदावर जगली. इराणात क्रांती झाली, इराण आणि पाकिस्तान बाहेर पडले, आणि कुणाच्या फारसं लक्षातही न येता ती संपली.

बाबा शास्त्री भवनात, पेट्रोलियम खात्यात. घरातल्या तेलाच्या गोष्टीत आता शिपायाच्या जागी सेक्शन ऑफिसर आला. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झालं, अरब देशांनी नळ आवळला आणि साधारण तीन डॉलरचं पिंप जानेवारीपर्यंत अकराच्या वर गेलं. अर्थमंत्री आता यशवंतरावच. पेट्रोल वाचवायचा धडा म्हणून इंदिराबाई घोडागाडीतून निघाल्या, तर भाववाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत आले. बाबांनी ती बैलगाडी पाहिली. बैल धष्टपुष्ट होते, एवढीच त्यांची राजकीय टिप्पणी.

त्यानंतर तीनेक महिन्यांत, फेब्रुवारी १९७४ मध्ये, मुंबईच्या समुद्रात तेल लागलं. बाबांच्या आयुष्यातली ही सगळ्यांत मोठी बातमी. माझ्या जन्माच्या वेळीसुद्धा त्यांनी एवढे पेढे वाटले नव्हते, असं आई म्हणते. समुद्रतळाचा वेध घेतला होता सोव्हिएत जहाजानं, विहीर खणली ‘सागर सम्राट’नं, ते जपानात बांधलेलं, आणि मुळात हिंदुस्थानात धड तेल नाहीच, असं पाश्चात्त्य कंपन्या सांगत असताना केशवदेव मालवीय यांनी रशियन भूवैज्ञानिक बोलावून तेल आयोग उभा केलेला. मथुरेचा शुद्धीकरण कारखानाही सोव्हिएत साह्यानंच झाला. दिल्लीतल्या गाड्या आज मुख्यतः मथुरा आणि पानिपत इथल्या कारखान्यांच्या तेलावर धावतात. होय, पानिपत. १९९८ पासून तिथे तेल शुद्ध होतं, आणि गुजरातच्या किनाऱ्यावर उतरलेलं कच्चं तेल नळानं तिथवर येतं. बाबा पहिल्यांदा तपासणीला गेले तेव्हा आजीनं दही-साखर दिली होती. पानिपतावर जायचं म्हणजे मराठी घरानं काही तयारी नको का करायला?

१९९० च्या ऑगस्टची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती बहुतेकांना ठाऊक आहे. सद्दामनं कुवेत गिळलं. आमचे मामा कुवेतला एका बांधकाम कंपनीत होते. दोन सुटकेसा आणि दिनारांची निरुपयोगी थप्पी घेऊन ते बगदादवरून अम्मानला आणि तिथून विमानानं मुंबईला आले. एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीय असे परत आले. परराष्ट्रमंत्री गुजराल यांनी बगदादेत सद्दामला मिठी मारली, त्याचा फोटो जगभर छापला गेला आणि आपल्यावर टीका झाली. मामा मात्र त्या मिठीला कधी नावं ठेवत नाहीत. अर्थमंत्री मधु दंडवते तेलाचं बिल कसं भागवायचं या विवंचनेत होते. जानेवारीत युद्ध पेटल्यावर अमेरिकेची लष्करी विमानं मुंबईत इंधन भरून गेली, त्यावर गदारोळ झाला. मिठी इकडे, इंधन तिकडे.

सोव्हिएत संघ मोडल्यावर स्पर्धेला नवं मैदान मिळालं, कॅस्पियनच्या भोवतालचं. कझाकस्तानात तेल, तुर्कमेनिस्तानात वायू. नाटो पूर्वेकडे सरकत होती. रशिया आणि चीन मध्य आशियातल्या देशांना घेऊन २००१ मध्ये शांघाय सहकार्य संघटना बांधत होते. बाबांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत, राम नाईक मंत्री असताना, त्यांच्या टेबलावर नळांचे नकाशे पसरलेले असत: तुर्कमेनिस्तानहून अफगाणिस्तान-पाकिस्तानमार्गे फाजिल्काला, इराणहून पाकिस्तानमार्गे राजस्थानला. एकाही नळातून आजवर घनफूटभर वायू आपल्याकडे आलेला नाही. इराणच्या नळातून आपण अमेरिकेशी अणुकरार होत असताना हळूच अंग काढलं. कझाकस्तानात २००५ मध्ये तेलकंपनीच्या लिलावात चिनी कंपनी आपल्यावर सरस ठरली. काशगान क्षेत्रातला हिस्सा आपण जवळजवळ घेतलाच होता, तो २०१३ मध्ये कझाक सरकारनं स्वतःकडे वळवून चीनला दिला. इराणच्या समुद्रात फरजाद-बी हे वायुक्षेत्र शोधलं आपण. २०२१ मध्ये इराणनं ते स्वतःच्या कंपनीला दिलं. आपल्या वृत्तपत्रांत ‘भारताची मुत्सद्देगिरी’ या मथळ्याखाली हे हिशेब क्वचित येतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

आता आम्ही नोएडात राहतो. ओट्यावर पाइपचा गॅस आहे. देशातल्या वायूबरोबर कतारहून बोटीनं दहेजला येणारा द्रवरूप वायूही याच जाळ्यात मिसळतो. कतारमध्ये अमेरिकेचा या भागातला सर्वांत मोठा हवाई तळ आहे. पण कतारचा हा वायू ज्या क्षेत्रातून येतो, त्याचा एक भाग इराणचा. समुद्राखाली एकच साठा, वरती मधून सीमारेषा, एका बाजूला नॉर्थ फील्ड, दुसऱ्या बाजूला साउथ पार्स. रेषेच्या एका बाजूचा देश अमेरिकेच्या छत्राखाली, दुसऱ्या बाजूचा तिच्या निर्बंधांखाली. वायूला त्याचं काही नाही. बाबा चहा टाकताना मला हे दर दोन महिन्यांनी नव्यानं सांगतात.

२०२३ साली मात्र दिल्लीनं कमाल केली. ४ जुलैला शांघाय संघटनेची शिखर परिषद भारताच्या अध्यक्षतेखाली झाली, पडद्यावरून, आणि तीत इराणला सभासद करून घेतलं. म्हणजे जुन्या बगदाद करारातले इराण आणि पाकिस्तान आता रशियाबरोबर एका संघटनेत, आणि भारतही त्यांच्यात. आणि तिचं दहशतवादविरोधी केंद्र आहे ताश्कंदला. दोन महिन्यांनी, ९ सप्टेंबरला, प्रगती मैदानातल्या भारत मंडपममध्ये अमेरिका, सौदी अरेबिया, अमिराती आणि युरोपीय देशांबरोबर भारत-मध्यपूर्व-युरोप मार्गाची घोषणा झाली. या मार्गाचं भूमध्य समुद्रावरचं टोक म्हणजे हैफा. तेच हैफा, जे २३ सप्टेंबर १९१८ ला जोधपूर आणि म्हैसूरच्या लान्सर्सनी तुर्कांकडून घेतलं, ज्यांच्या आठवणीला तीन मूर्ती चौकात पुतळे आहेत. आणि जिथे पुढे १९३५ पासून १९४८ पर्यंत किर्कुकचं तेल नळानं येत होतं. घोषणेनंतर महिन्याभरात, ७ ऑक्टोबरला, हमासचा हल्ला झाला आणि मार्गाचं काम थंडावलं.

जून २०२५ मध्ये इस्रायलनं इराणवर हल्ला केला. शांघाय संघटनेनं निषेधाचं पत्रक काढलं. दिल्लीनं सांगितलं, त्या चर्चेत आम्ही नव्हतो. जुलैत ब्रिक्सच्या जाहीरनाम्यात इराणवरच्या हल्ल्यांचा निषेध आला, त्यावर दिल्लीची सही होती. सप्टेंबरात तियानजिनला शांघाय संघटनेच्या तशाच जाहीरनाम्यावरही. बाबांना मी विचारलं, हे काय चाललंय? ते म्हणाले, “दोन पंगतींत पान मांडलं की दोन्हीकडचे वाढपी दुर्लक्ष करतात. पण उठवत कुणी नाही.”

मला बाबांचं पहिलं वाक्य जास्त पटतं. कुठल्याही लष्करी गटात नसूनही २०१९ मध्ये अमेरिकेनं डोळे वटारले आणि आपण इराणचं तेल घेणं बंद केलं. २०२५ च्या ऑगस्टात रशियाचं तेल घेतो म्हणून आपल्या मालावर जादा आयातकर बसला. बाहेर राहिल्यानं हुकूम चुकत नाहीत. पण आत गेलेल्यांचं काय झालं, तेही याच घरानं पाहिलंय. बगदाद करारावर सही करणारा इराकी पंतप्रधान रस्त्यात मारला गेला, पाकिस्तानला लढाईच्या वेळी कागद मिळाला, आणि नानांच्या पलटणीला तर सही करायचा हक्कच नव्हता. तेव्हा अवघडून का होईना, दोन्हीकडे बसावं, या मताची मी झाले आहे. त्याला अलिप्तता किंवा स्वायत्तता असली भारदस्त नावं देऊ नयेत, एवढंच.

२०२५ च्या त्या जूनमध्ये इराण आणि इस्रायल मिळून चार हजारांहून जास्त भारतीयांना सरकारनं परत आणलं. दोन्ही देशांतून सोडवलेल्यांची विमानं दिल्लीतच उतरत होती. आखातातल्या सहा अरब देशांत आज नव्वद लाखांच्या आसपास भारतीय राहतात. तिथल्या कुठल्याही लष्करी गटाच्या कागदावर सही करा असं कुणी सुचवलं, तर आधी त्याला हा आकडा विचारावा.